आठ-बाराच्या डब्यात कॅमेरा

लोकलमधल्या प्रवाशांचे फोटो काढायचेत, कॅमेरा कुठला घेऊ, असं नवी मुलं विचारतात. मी उलट विचारतो, पास कुठून कुठपर्यंतचा आहे? डोंबिवली ते सीएसएमटी सेकंड क्लासच्या पासवर मी बारा वर्षं नोकरीला गेलो आणि जाता-येता फोटो काढले. रविवारी रिकाम्या गाडीत हिंडून हे काम होत नाही. रोज तीच गाडी (माझी सकाळची ८.१२ची, म्हणजे 'आठ-बारा'), तोच डबा, जमलं तर तोच दरवाजा. पहिले दोन महिने तर मी कॅमेरा बॅगेबाहेर काढलाच नाही. डब्याने आधी मला तिघांच्या बाकावरची चौथी सीट दिली, कॅमेऱ्याला नंतर.

अमेरिकन फोटोग्राफर वॉकर इव्हान्सने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या सबवेत कोटाखाली कॅमेरा दडवून, बटणांच्या फटीतून चेहरे टिपले. फोटो थोरच आहेत, पण तो रस्ता धरू नका. (आठ-बाराला कोट घालून उभं राहून बघा एकदा.) आपल्याकडे लपवलेला कॅमेरा दिसला तर पुढच्या स्टेशनवर उतरवतील, आणि बरोबरच करतील.

लेडीज डबा पुरुषांनी विसरावा. पुरुषांना तिथे मनाई करणारं रेल्वे कायद्याचं कलम १६२ आहेच, पण ते नसतं तरी फोटोग्राफर अनुश्री फडणवीस यांनी त्या डब्यात मोबाइलवर जे टिपलं ते रोज तिथे बसणाऱ्या बाईलाच दिसलं असतं. ट्रायपॉड लावायचा असेल किंवा काम व्यावसायिक असेल, तर रेल्वेच्या जनसंपर्क विभागाची लेखी परवानगी घ्या.

आता माझी चूक. शटरचा आवाज नको म्हणून महिनाभर सायलेंट मोडवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवर, फोटो काढले. घरी मोठे करून बघतो तर सगळ्यांच्या तोंडावर आडवे पट्टे! डब्यातले दिवे लुकलुकतात, डोळ्यांना कळत नाही, इलेक्ट्रॉनिक शटरला कळतं. मेकॅनिकल शटरवर आलो, वेग १/१०० सेकंदाच्या आसपास ठेवला, पट्टे गेले. लेन्स २८ किंवा ३५ मिमीची पुरे; त्याहून लांबची घेतलीत तर मागे सरकणार कुठे?

नवखा माणूस आधी दारात लटकलेल्यांवर तुटून पडतो. मीही पडलो होतो. पण कॅमेरा दिसला की पोरं आणखी बाहेर झुकतात, हे लक्षात आल्यावर मी ते फोटो थांबवले. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ दारातली माणसं पडून गेली, त्यानंतर तर जुने फोटोही कुणाला दाखवावेसे वाटत नाहीत. आत वळा. ब्रीफकेसवर पत्ते, डब्याच्या पत्र्यावर ठेका धरणारी भजनी मंडळी, दसऱ्याला झेंडूचे हार आणि पेढ्यांचा पुडा. संध्याकाळी सीएसएमटीला गाडी थांबायच्या आत उडी मारून विंडो पकडणारा माणूस अर्ध्या मिनिटात चपला काढून इतका निवांत बसतो की दोन्ही एकच माणूस आहे हे पटत नाही.

झोपलेल्यांचं जपून. एका गृहस्थांचा शेजाऱ्याच्या खांद्यावर मान टाकलेला फोटो मी इंटरनेटवर टाकला, भरपूर लाइक आले. चार दिवसांनी ते म्हणाले, "फोटो झकास होता हो. पण ऑफिसात मला आता 'तकिया' म्हणतात." फोटो काढून टाकला, माफी मागितली. ते पुढे महिनाभर शेजारच्या डब्यातून गेले. आता आधी प्रिंट देतो, विचारतो, मगच बाहेर दाखवतो.

आणि टिपणं त्याच रात्री लिहा: तारीख, गाडी, कुठल्या दोन स्टेशनांच्या मधला. माझ्याकडे एका फोल्डरमध्ये नुसते गप्प चेहरे आहेत. कुणाचा हात हवेत, कुणाचं तोंड अर्धवट उघडं, एकाचा पत्ता टाकता टाकता थांबलेला. टिपण नसतं तर मलाही उलगडा झाला नसता. दिवा आणि ठाण्याच्या मधला पारसिक बोगदा. गाडी आत शिरली की आवाजात काही ऐकू येत नसे, म्हणून वाक्य आहे तिथे धरून सगळे बाहेर पडायची वाट बघत. २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, फास्ट लोकल बोगदा सोडून मुंब्र्यावरून जायला लागल्या, आणि गप्पा आता ठाण्यापर्यंत सलग चालतात.