जपानचं वेड आहे ना, मग त्यावर एक नीट निबंध लिहा की

अ‍ॅनिमे, माचा, जेएलपीटीचा (जपानी भाषेच्या परीक्षेचा) क्लास, कशातूनही आवड लागलेली असू दे, कॉलेजसाठी नाहीतर स्कॉलरशिपच्या अर्जासाठी अकॅडमिक निबंध लिहायची वेळ आली की बरेच जण "जपानी संस्कृती आणि निसर्ग" असं टायटल टाकतात आणि मग चेरी ब्लॉसम, झेन, सामुराई, बुलेट ट्रेन, सगळं थोडं थोडं येतं. वाचायला बरं वाटतं पण त्यात तुम्ही स्वतः काहीच शोधलेलं नसतं. निबंध तेव्हा जमतो जेव्हा तुम्हाला आवडणाऱ्या गोष्टीत काहीतरी खटकतं आणि त्याचा छडा लावावासा वाटतो.

म्हणून आधी विषय छोटा करा, अगदी छोटा. मी बागेचं उदाहरण घेते कारण मला जपानी बागा प्रचंड आवडतात, आणि पुण्यातल्या लोकांनी तर सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान पाहिलेलंच असतं, ते ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवरून केलेलं आहे. पण "जपानी बागा" हाही विषय नाही झाला. क्योटोच्या र्योआनजी मंदिरातली वाळू आणि 15 दगडांची बाग वेगळी, ती बसून बघायची. कोराकुएन ही सरंजामदाराची फिरायची बाग, तिथे तळं, टेकडी, हिरवळ, पॅव्हेलियन असं एकेक बघत चालत जायचं. दोन्हींना सरसकट "झेन" (म्हणजे झेन बौद्ध पंथाची बाग) म्हटलं की तपासणाऱ्याला लगेच कळतं की वाचन झालेलं नाही.

आता खटकणारी गोष्ट शोधा, त्यासाठी बागेचा नकाशा आणि फोटो घेऊन शांतपणे बघत बसा. कोराकुएनमध्ये रयुतेन नावाची उघडी वास्तू आहे, तिच्या मधोमध पाण्याचा पाट वाहतो आणि पाटात सहा रंगीत दगड ठेवलेत, इतकी नजाकत. आणि त्याच बागेत भाताचं खाचर आणि चहाचा मळा! सरंजामदाराच्या करमणुकीच्या बागेत शेत कशाला? झाला की तुमचा प्रश्न. कोराकुएन इकेदा त्सुनामासा या सरंजामदारासाठी 1687 ते 1700 मध्ये बांधली गेली, काम बघितलं त्सुदा नागातादा या त्याच्या अधिकाऱ्याने, आणि हाच माणूस ओकायामा संस्थानात समुद्र हटवून शेतजमीन तयार करायच्या मोठ्या कामांवरही होता, शिझुतानी शाळेचं कामही त्यानेच पाहिलं. म्हणजे बागेतलं शेत आणि बाहेरची नवी शेतजमीन एकत्र वाचता येते, असा दावा तयार होतो. दावा म्हणजे ज्याच्याशी एखादा शहाणा माणूस असहमत होऊ शकेल असं वाक्य, "कोराकुएन सुंदर आहे" हा दावा नव्हे.

मग स्वतःच्याच दाव्यावर उलटून पडायचं, हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो आणि मार्कही इथेच मिळतात. बागेत आज जे चौकोन पाडलेलं खाचर दिसतं, प्राचीन चीनच्या जमीनपद्धतीवरून आखलेलं, ते एदो काळाच्या (1603 ते 1868) अगदी शेवटी केलेलं आहे, त्सुनामासाच्या वेळचं नाही. मधली टेकडी त्याच्या मुलाच्या, त्सुगुमासाच्या काळातली. बागेतून मागे दिसणारा ओकायामाचा किल्ला तर 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळला, आताची इमारत 1966 ची काँक्रीटची आहे. म्हणजे आजचा फोटो दाखवून "1700 साली असं होतं" म्हणणं साफ चुकीचं! दरवेळी विचारायचं, हे कधीचं आहे आणि हे मला कशावरून कळलं. सुरुवातीला बागेत शेतजमीन बरीच होती असं जुन्या नोंदींवरून दाखवता आलं तर दावा टिकतो, नाहीतर दावा बदला, त्यात काही वाईट नाही.

वाचायला काय काय मिळतं? जे-स्टेज या वेबसाइटवर जपानी संशोधन पत्रिकांचे भरपूर लेख फुकट आहेत, काही इंग्रजीत, आणि जपानी लेखांनाही बरेचदा इंग्रजी सारांश असतो. जपानच्या नॅशनल डाएट लायब्ररीचं (म्हणजे संसदेच्या ग्रंथालयाचं) डिजिटल कलेक्शन आहे, त्यात जुने नकाशे, पुस्तकं घरबसल्या बघता येतात. बागेच्या जुन्या विचारासाठी 11 व्या शतकातला साकुतेइकी हा ग्रंथ इंग्रजी अनुवादात वाचा, दगड कसा बसवायचा यावर त्यात इतकं बारीक लिहिलंय की आपण थक्क होतो. ट्रान्सलेटर अ‍ॅपने लेखाचा अंदाज घ्या, पण त्यातलं वाक्य उद्धृत करायचं असेल तर जपानी येणाऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या, तुमच्या क्लासच्या सेन्सेइंना (शिक्षकांना) विचारलं तर त्यांना आनंदच होईल.

बाकी छोट्या गोष्टी पटकन सांगते. जपानी नावात आडनाव आधी येतं, इकेदा हे आडनाव, एकच पद्धत शेवटपर्यंत ठेवा. जुन्या तारखा नाव दिलेल्या कालखंडाच्या वर्षात असतात, गेनरोकु 13 म्हणजे 1700, आणि जपानने इंग्रजी कॅलेंडर 1873 पासून घेतलं त्यामुळे त्याआधीचा "दुसरा महिना" म्हणजे फेब्रुवारी धरू नका. वाचता वाचताच पान नंबर लिहून ठेवा, नंतर शोधताना जीव जातो.

लिहायला बसाल तेव्हा शेताच्या परिच्छेदापासून सुरू करा, जिथे तुमच्याकडे सगळ्यात जास्त पुरावा आहे तिथून, मग किल्ला आणि टेकडीच्या तारखांची अडचण, आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी. प्रस्तावनेत "मला लहानपणापासून जपान आवडतं" हे वाक्य नको, त्याजागी सरळ विचारा, सरंजामदाराच्या बागेत भात का लावला होता?