उन्हाळ्यातील खुडूक कोंबडी: 21 दिवसांचे पाणी चुकवू नका

होळी मागे पडली असून कोल्हापूर जिल्ह्यात ऊन चढू लागले आहे. शिरोळ-हातकणंगल्याकडे दुपारी पत्र्याखाली उभे राहवत नाही आणि नेमक्या याच दिवसांत गावठी कोंबड्या खुडूक होऊन, म्हणजे अंडी घालणे थांबवून ती उबवण्याच्या ओढीने, कोपरा धरतात. ज्यांना यंदा कोंबडी रवणाला, म्हणजे 21 दिवस अंडी उबवायला, बसवायची आहे त्यांनी एक गोष्ट सर्वांत आधी मनाशी पक्की करावी. बसलेल्या कोंबडीला रोज एकदा हाताने उठवून पाणी दाखवावे आणि उरलेला दिवसभर पाण्याचे भांडे तिची मान पोहोचेल एवढ्या अंतरावर ठेवावे. बाकीचा सगळा सल्ला यानंतरचा आहे.

हे इतक्या आग्रहाने लिहिण्याचे कारण असे की गेल्या अनेक उन्हाळ्यांत मी जी वाया गेलेली रवणे पाहिली, त्यांतील बहुतेक पाण्यावाचून गेलेली होती. करवीर तालुक्यातील एका घरी 17 व्या दिवशी मला बोलावणे आले, कारण कोंबडी मान टाकून बसली होती. माणसे सकाळी उसाच्या भांगलणीला जात आणि दिवस मावळता परत येत. मांजराच्या भीतीने कोंबडीवर डालगे (विणलेली मोठी टोपली) पालथे घालून वर दगड ठेवलेला होता. पाण्याची वाटी भरलेली होती, पण ती डालग्याच्या बाहेर, जेमतेम वीतभर अंतरावर होती. डालगे उचलले तेव्हा कोंबडीचा तुरा पांढुरका पडला होता आणि छातीचे हाड विळ्याच्या धारेसारखे हाताला लागत होते. संध्याकाळपर्यंत ती गेली. खालच्या 11 अंड्यांपैकी 8 अंड्यांत पिसे फुटलेली, पूर्ण आकाराची पिले होती आणि आणखी चार दिवस मिळाले असते तर ती बाहेर आली असती. त्या घरात म्हैस होती आणि तिला दोन्ही वेळा न चुकता पाणी दाखवले जात होते. कोंबडीचे काय, ती आपले आपण पाहून घेते, अशी आपल्याकडे समजूत आहे. मोकळ्या कोंबडीच्या बाबतीत ती खरी आहे, पण झाकून ठेवलेल्या खुडूक कोंबडीच्या बाबतीत मुळीच नाही.

कोंबडीला घाम येत नाही. अंगातील उष्णता ती चोच उघडी ठेवून, धापा टाकून बाहेर काढते आणि प्रत्येक धापेबरोबर अंगातील पाणी कमी होते. खुडूक कोंबडीचे अंग आधीच 41 अंश सेल्सिअसच्या आसपास असते, त्यात पोटाखाली अंडी आणि भोवती पाचट (उसाचा वाळलेला पाला). पाणी मिळाले तर ती अंग थंड राखते आणि अंड्यांना हवी तेवढीच, म्हणजे साडेसदतीस अंशांच्या आसपास ऊब देते. पाणी न मिळाल्यास ती अंड्यांवरून उठून सावलीला जाते किंवा बसल्या जागी खंगत जाते. दाण्याचे तसे नाही. या दिवसांत ती मुळातच फार थोडे खाते आणि अंगातल्या चरबीवर तीन आठवडे काढते. म्हणून एखाद्या दिवशी दाणा चुकला तर धकते, पाणी चुकले तर धकत नाही. अंडी फोडून पिणाऱ्या खुडूक कोंबड्याही मी पाहिल्या आहेत आणि त्यांतील निम्म्याहून अधिक जणींची ती खोड जवळ पाण्याचे परळ (पसरट भांडे) ठेवताच सुटली. हा माझा अंदाज आहे, परंतु कोंबडीला दोष देण्याआधी हा उपाय करून पाहावा.

उठवण्याची वेळ रोज एकच असावी. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर उठवणे चांगले. दोन्ही हात पंखांखालून सावकाश घालावेत, कारण पंखाच्या बगलेत अंडे अडकलेले असते आणि घाईने उचलल्यास ते वरून पडून बाकीच्या अंड्यांनाही तडा देते. जमिनीवर ठेवल्यावर ती मिनिटभर पिसे फुलवून तशीच बसून राहील. मग अंग झाडेल, पाण्याकडे धावेल, दाणे टिपेल आणि एकच मोठी, उग्र वासाची विष्ठा टाकेल. तो रोग नव्हे, दिवसभर धरून ठेवलेली घाण आहे. शेजारी चुलीतील चाळलेली राख आणि माती ठेवल्यास ती त्यात अंग घोळून घेते. एवढ्याला 15 ते 20 मिनिटे लागतात आणि उन्हाळ्यात अर्धा तास झाला तरी अंड्यांना बाधा होत नाही. बहुतेक कोंबड्या आपणहून परत बसतात. जी रेंगाळते तिला उचलून ठेवावे आणि वर अंधार करावा.

दिवसभराच्या पाण्यासाठी मातीचे परळ उत्तम, कारण त्यात पाणी गार राहते. ते नसेल तर नारळाची करवंटी विटेच्या दोन तुकड्यांमध्ये बसवावी, म्हणजे कलंडत नाही. डालगे झाकायचेच असेल तर भांडे आत घ्यावे. ज्या घरातील सगळी माणसे शेतावर जातात तिथे ही जबाबदारी एका माणसाच्या नावावर टाकावी. सगळ्यांचे काम म्हटले की ते कोणीच करत नाही.

बसवण्यापूर्वीची कामे:
- कोंबडी दोन-तीन दिवस पक्की खुडूक आहे, याची खात्री
- जंतनाशक, पशुवैद्यकाने सांगितलेल्या प्रमाणात
- पंखांखाली व गुदद्वाराभोवती उवा, पिसवा पाहणे
- उथळ बुट्टी (टोपली), तळाशी राख, वर कोरडे पाचट किंवा गवत
- मागच्या वर्षीचे पोते व गवत जाळून टाकणे
- 40 ते 50 ग्रॅमची, न तडकलेली, न धुतलेली अंडी
- 8 ते 10 कोंबड्यांमागे एक कोंबडा
- बसवणे संध्याकाळी, तारीख भिंतीवर लिहून

कोंबडी लहान असेल तर 9 आणि भरदार असेल तर 11 ते 12 अंडी पुरेत. अंडी विषम संख्येत ठेवण्याची जुनी रीत आहे, मीही ती पाळतो, पण पंखांबाहेर एकही अंडे दिसू नये हा नियम तिच्याहून मोठा आहे. गिरिराज किंवा वनराजची अंडी असतील तर ती गावठी कोंबडीखालीच ठेवावीत, कारण या सुधारित जाती सहसा खुडूक होत नाहीत. अंडी साठवताना उन्हाळ्यात फार चुका होतात. 20-21 अंशांच्या वर गेलेल्या अंड्यात गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि मग कोमेजतो, म्हणून आठवडाभर जुनी अंडी हिवाळ्यात चालली तरी चैत्रात चालणार नाहीत. चार दिवसांपेक्षा जुने अंडे बसवू नये. मडक्यात ओली वाळू घालून तिच्यावर टोपली टांगावी आणि अंडी टोक खाली करून तीत ठेवावीत. अंड्याला पाणी लागता कामा नये, आणि फ्रिजमधील अंडे वापरू नये, ते फार गारठलेले असते.

जागा पत्र्याला लागून नसावी. कौलाखालचा, भिंतीच्या कडेचा, अंधारा पण वारा खेळता राहील असा कोपरा पाहावा. बसलेली कोंबडी दुपारी पंख पसरून चोच उघडी टाकत असेल तर ती जागा चुकीची आहे असे समजावे आणि त्याच रात्री बुट्टीसकट तिला हलवावे. अंडी 40 अंशांच्या वर काही तास राहिली तर गर्भ दगावतो. पत्र्याखेरीज सोय नसेल तर वर उसाच्या पाल्याचा जाड थर टाकून तो दुपारी भिजवावा.

आता वळवाविषयी. गडगडाटाने अंडी नासतात म्हणून बुट्टीत लोखंडाचा खिळा किंवा कोळसा ठेवण्याची पद्धत गावोगावी आहे. ठेवल्याने अपाय नाही. परंतु वळवात अंडी जातात ती खाली शिरलेल्या पाण्याने, आणि वाऱ्याने पत्रा वाजून बिथरलेली कोंबडी रात्रभर परत न बसल्याने. म्हणून बुट्टी जमिनीपासून दोन विटा वर ठेवावी आणि आभाळ भरून आले की एकदा जाऊन पाहावे.

औषधांच्या दुकानात या हंगामात कोंबडी बसवायची म्हटले की लिव्हर टॉनिक, जीवनसत्त्वांची बाटली आणि पिले जास्त निघण्याचे म्हणून एखादे पाकीट हातात ठेवले जाते. निरोगी गावठी कोंबडीला यांतील कशाचीही गरज नाही. मूठभर जोंधळा, भरडलेला मका किंवा तांदळाची कणी आणि स्वच्छ पाणी एवढ्यावर ती 21 दिवस काढते. बाटलीचे पैसे पिलांच्या पहिल्या महिन्याच्या खाद्यासाठी राखून ठेवावेत. प्रतिजैविक तर पशुवैद्यकाच्या सांगण्याशिवाय देऊच नये.

कोंबडी पाणी पिऊनही अस्वस्थ असेल, सारखी उठत असेल, तर रात्री बॅटरी घेऊन बुट्टीच्या विणीत पाहावे. दिवसा फटींत लपून रात्री रक्त पिणारे तांबडे किडे तिथे मुंगीच्या अंड्याएवढ्या ठिपक्यांसारखे फिरताना दिसतात आणि उन्हाळ्यात आठवड्याभरात त्यांची नवी पिढी तयार होते. अशा वेळी अंडी नव्या बुट्टीत, नव्या पाचटावर आणि भरपूर राखेवर घ्यावीत आणि जुनी बुट्टी जाळावी. उसातील हुमणीसाठी आणलेली भुकटी खुराड्यात शिंपडणारे शेतकरी मी पाहिले आहेत. ते विष आहे, कोंबडी ते पिसांवरून चोचीने पोटात घेते. कागल-निपाणी भागात तंबाखूच्या काड्या अंथरतात, त्याही कोवळ्या पिलांना बाधतात, म्हणून मी त्या सुचवत नाही. सुका कडुलिंबाचा पाला ठेवावा.

सातव्या रात्री मोबाइलच्या प्रकाशावर अंडी पाहावीत. कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या रेषा दिसल्या तर गर्भ आहे, नितळ दिसले तर अंडे काढून घ्यावे. चौदाव्या रात्री पुन्हा पाहून नासलेली अंडी काढावीत, एरवी ती फुटून सगळी बुट्टी घाण करतात.

18 व्या दिवसानंतर नियम बदलतो आणि इथेच लोक पुन्हा पाण्याला चुकतात. पिलू या वेळी अंड्यातील हवेच्या पोकळीकडे चोच वळवत असते, म्हणून अंडी हलवू नयेत आणि कोंबडीला ओढून उठवू नये. पण उठवायचे नाही म्हणजे पाणी द्यायचे नाही असे नव्हे. कोंबडी आता स्वतःहून उठत नाही, आतून पिलांचा आवाज ऐकून ती गच्च बसते, आणि तीन आठवड्यांनी तिच्या अंगात राखीव असे काही उरलेले नसते. या तीन दिवसांत परळ तिच्या चोचीखाली आणून धरावे, सकाळ, दुपार, संध्याकाळ. बसल्या जागी ती घटाघट पिते. बुट्टीभोवतीच्या जमिनीवर हलके पाणी शिंपडावे, कारण कोरड्या हवेत कवचाखालचा पापुद्रा सुकून पिलाला चिकटतो. अंड्यांवर पाणी मारू नये. बुट्टीभोवती हळदीची रेघ ओढावी, कारण कवच फुटताच तांबड्या मुंग्या येतात. अडकलेल्या पिलाला सोलून काढण्याचा मोह आवरावा. भोक पाडल्यापासून बाहेर यायला त्याला दिवसभर लागू शकतो आणि तेवढ्यात बलक व रक्त पोटात ओढले जात असते.

पिले निघाल्यावर:
- 48 तास खाणे नसले तरी चालते, पोटात बलक असतो
- पिलांना उथळ ताटलीत पाणी, त्यात खडे, बुडू नयेत म्हणून
- बारीक कणी, 20 टक्क्यांहून अधिक प्रथिनांचे पिलांचे खाद्य
- 5 ते 7 दिवस: राणीखेत (मानमोडी), लासोटा लस, एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत
- 6 वा आठवडा: कोंबड्यांच्या देवी रोगाची लस
- 8 वा आठवडा: राणीखेतची आर-टू-बी लस, अर्धा मिलिलिटर कातडीखाली
- घार, कावळा, मुंगूस, घूस यांपासून डालग्याचा आडोसा

लसीची एक कुपी अनेक पिलांना पुरते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते, म्हणून गल्लीतील चार घरांनी एकाच दिवशी, बर्फात आणून ती द्यावी.

बसवण्याची मुदत या भागात एप्रिलच्या मध्याला संपते. 15 एप्रिलला बसवलेली अंडी 6 मेला फुटतात आणि जूनच्या दहा तारखेच्या सुमारास पाऊस लागेपर्यंत पिले पाच आठवड्यांची होतात. त्याहून लहान पिले ओल्या खुराड्यात रक्ती हगवणीला बळी पडतात, आणि गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडे पावसाचा जोर पाहता तर एप्रिलचा पहिला आठवडाच शेवटचा धरावा. त्यानंतर खुडूक झालेल्या कोंबडीखाली अंडी ठेवू नयेत, तिला उजेडातील हवेशीर पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवून खुडूक मोडावी. तिथेही पाणी भरलेले असावे.