मका आणि गुरांचा अमेरिकी बाजार जोडीने कसा वाचायचा

2025 च्या हंगामात अमेरिकेत मक्याचं पीक विक्रमी, 16 अब्ज बुशेलच्या (बुशेल म्हणजे धान्याचं अमेरिकी माप) वर आलं आणि भाव दबले. त्याच वर्षी मांसासाठी पोसलेल्या गुरांचे भाव मात्र कडाडले. मका हे या गुरांचं खाद्य, तरी दोन्ही बाजार वेगवेगळे पाहणाऱ्याला याचा उलगडा होत नाही. मक्याचं चक्र एका हंगामात फिरतं, गुरांचा पुरवठा वाढायला साधारण तीन वर्षं लागतात. हा फरक मनात पक्का करून मगच आकडे उघडा.

आधी एककं, कारण निम्म्या चुका इथेच होतात. शिकागोच्या वायदे बाजारात मक्याचा वायदा 5,000 बुशेलचा असतो आणि भाव बुशेलला सेंटमध्ये सांगतात. मक्याचं बुशेल 25.4 किलोचं, तर सोयाबीन आणि गव्हाचं 27.2 किलोचं. म्हणून टनाचा भाव काढताना मक्याला 39.37 ने आणि सोयाबीन-गव्हाला 36.74 ने गुणायचं. मका 4 डॉलर 30 सेंट असेल तर टनाला साधारण 169 डॉलर पडतात. पडद्यावर 430-6 दिसलं तर ते 430.6 नव्हे. शेवटचा आकडा अष्टमांशाचा असतो, म्हणजे भाव 430.75 सेंट. कत्तलीला तयार गुरांचा वायदा 40,000 पौंडांचा, पोसायला घेतल्या जाणाऱ्या वासरांचा 50,000 पौंडांचा, आणि दोन्हींचा भाव पौंडाला सेंटमध्ये.

मक्यासाठी अमेरिकी कृषी खात्याचा मागणी-पुरवठ्याचा मासिक अहवाल उघडा. त्यातली एक ओळ म्हणजे हंगामअखेरचा शिलकी साठा. त्याला एकूण वापराने भागा. 15 अब्ज बुशेल वापर आणि दीड अब्ज शिल्लक असेल तर प्रमाण 10 टक्के. हे प्रमाण जितकं खाली, तितका भाव छोट्या बातमीवरही उसळतो; 15 टक्क्यांच्या आसपास असेल तर दुष्काळाची बातमीही बाजार पचवून टाकतो. मक्याचं विपणन वर्ष 1 सप्टेंबरला सुरू होतं, गव्हाचं 1 जूनला. जुन्या आणि नव्या पिकाचे रकाने शेजारी-शेजारी असतात, त्यांची गल्लत करू नका. मार्चअखेर पेरणीचे इरादे येतात, जूनअखेर प्रत्यक्ष पेरा. ब्राझीलमध्ये सोयाबीननंतर घेतला जाणारा दुसरा मका जून ते ऑगस्टमध्ये निघतो आणि निर्यातीत अमेरिकेच्या मक्यासमोर उभा राहतो. त्यामुळे उन्हाळ्यात फक्त आयोवा या मका पिकवणाऱ्या अमेरिकी राज्याचं हवामान पाहून चालत नाही.

गुरांकडे जास्त वेळ द्या. 1 जानेवारी 2025 ला अमेरिकेत 8 कोटी 67 लाख गुरं होती, 1951 नंतरची सर्वांत कमी. कोरड्या वर्षांत चारा संपला, गाई कत्तलीला गेल्या. आता कळप वाढवायचा तर कालवडी विकायच्या नाहीत, घरी ठेवायच्या. गोम अशी की राखलेली प्रत्येक कालवड आजच्या बाजारातून एक जनावर कमी करते, म्हणजे कळप वाढायला लागला की आधी तुटवडा आणखी वाढतो. सात महिन्यांची कालवड राखली, पंधराव्या महिन्याच्या सुमारास गाभण राहिली, नऊ महिन्यांनी व्याली, आणि ते वासरू दीड-पावणेदोन वर्षांनी तयार झालं: झाली तीन वर्षं. त्यात 2025 मध्ये, जनावराच्या जखमेत शिरून मांस खाणाऱ्या स्क्रूवर्म माशीच्या अळीच्या भीतीने मेक्सिकोची वासरं सीमेवर अडवली गेली.

कळप खरंच वाढतोय का, हे ओळखण्याची खूण फीडलॉटच्या (कत्तलीआधी गुरं खाऊ घालून पोसणाऱ्या गोठ्यांच्या) मासिक अहवालात आहे. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या आकड्यांत कालवडी किती हे वेगळं देतात. त्यांचा वाटा घसरत एक तृतीयांशापर्यंत आला तर त्या कळपासाठी राखल्या जात आहेत असं समजावं. नुसतं "भाव इतका चढलाय, आता शेतकरी राखणारच" या तर्कावर विसंबू नका. चढा भाव विकायचाही मोह घालतो. या अहवालात 1,000 किंवा अधिक जनावरांची क्षमता असलेले फीडलॉटच येतात, हेही लक्षात असू द्या.

आता जोडणी. 750 पौंडांचं वासरू 1,450 पौंडांपर्यंत न्यायचं म्हणजे 700 पौंड वाढ. खाद्याच्या मिश्रणानुसार त्याला अंदाजे 50 बुशेल मका लागतो असं धरू. मका बुशेलला 50 सेंटने महागला तर जनावरामागे 25 डॉलर खर्च वाढला. तो भरून काढायला वासरू पौंडाला सुमारे 3.33 सेंट स्वस्त मिळालं तरी पुरे (25 ÷ 750). उलट वासराचा भावच 10 सेंटने वाढला तर एका फटक्यात 75 डॉलर. म्हणून नफ्या-तोट्याचा हिशेब करताना वासराचा भाव आधी, मका नंतर. पूर्ण हिशेब असा: वासराची किंमत, खाद्य, गोठ्याचा रोजचा खर्च, व्याज आणि मरतूक यांची बेरीज करून विक्रीच्या वजनाने भागा. येणारा आकडा ज्या महिन्यात जनावर तयार होईल त्या महिन्याच्या वायद्याशी ताडून पाहा, आजच्या भावाशी नाही. व्याज विसरणं ही नेहमीची चूक. वासरू महाग झालं की व्याजही त्याच प्रमाणात फुगतं.

स्वस्त मक्याचा आणखी एक परिणाम होतो. वाढीव दिवस खाऊ घालणं परवडतं, जनावरं जड होऊन निघतात. त्यामुळे कत्तलीची संख्या जितकी घटते तितकं मांस घटत नाही. डोकी मोजताना वजनही पाहा.

अहवालाच्या दिवशी आकड्याची तुलना गेल्या वर्षाशी नको, बाजाराच्या अंदाजाशी करा. फीडलॉटमध्ये गेल्या वर्षीपेक्षा 3 टक्के कमी आवक अपेक्षित असताना 1 टक्काच घटली, तर ती बातमी मंदीची. मक्याचा अहवाल बाजार चालू असताना येतो, त्यामुळे पहिल्या काही मिनिटांतली उडी टिकतेच असं नाही. फीडलॉटचा अहवाल बहुधा शुक्रवारी, गुरांचा बाजार बंद झाल्यावर येतो. त्याचा परिणाम सोमवारी उघडताना दिसतो.