मासेमारीचा जुना खानदेश बघायचाय? आधी धुळे, मग प्रकाशे

मी शहाद्याच्या बाजारात मासळी विकणाऱ्या भोईणीची नात. पाहुणे विचारतात, तुमच्या धंद्याचा इतिहास कुठे बघायला मिळेल? मी दोन ठिकाणं जोडून सांगते, आणि क्रम उलटा करू देत नाही.

पहिलं, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात वारले आणि पुढच्याच महिन्यात हे मंडळ उभं राहिलं. सुट्टी-वेळ आधी फोनवर विचारून घ्या, फोटोची परवानगी दारातच. आत मूर्ती, नाणी, पोथ्या आहेत. जाळं शोधत बसू नका. सूत कुजतं, बांबू कुजतो, दगड तेवढा टिकतो. म्हणून राजे-देव कपाटात आणि आमचे आजे बाहेर! तरी नदीदेवता दिसली तर पायाखाली बघा. गंगा मकरावर उभी असते, यमुना कासवावर. तासभर पुरे.

मग दोंडाईचा, सारंगखेडा, शहादा करत प्रकाशे. दत्तजयंतीच्या सुमाराला सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा असते, तेव्हा हा रस्ता टाळा. प्रकाशाला तापी-गोमाईचा संगम. इथल्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, १९५४-५५ साली पुरातत्त्व खात्याने खोदलं, तेव्हा ताम्रपाषाणयुगापर्यंतची वस्ती निघाली. नदीकाठी इतकी जुनी माणसं राहिली ती काय नुसतं पाणी प्यायला?

नदीवर दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर पोहोचा, होड्या परतायच्या वेळेला. आधी रामराम, मोबाइल नंतर. कुणी फेकजाळं दाखवलं तर लांबून मान डोलावू नका. माझे मामा अहिराणीत म्हणतात तसं, "हातमा लिसन दख", हातात घेऊन बघ. कडेच्या शिशाच्या गोळ्यांचं वजन मनगटाला कळलं की जाळं गोल का उघडतं आणि तळाला का बसतं ते सांगावं लागत नाही. वय झालेलं कुणी भेटलं तर हे विचारा: नायलॉन यायच्या आधी सूत कुठलं, ते कशात मुरवायचे, पूर आल्यावर काय खायचे, उन्हाळ्यात वाळूत डांगर-टरबूज कोण लावायचं. बॅरेजला, म्हणजे नदीवरच्या दरवाजांच्या बंधाऱ्याला, पाणी अडवलं की ती वाळू बुडते. तो विषय निघाला तर गप्प बसून ऐका, चहा तुम्ही सांगा.

टोपलीतले मासेही वाचता येतात. मरळ आणि वाम इथली. रोहू, कटला, मृगळ मूळचे गंगेच्या खोऱ्यातले, बीज सोडून इकडे आणलेले. १९७२ ला तापीवरच उकाई धरण झालं, त्याचा फुगवटा नवापूर तालुक्यापर्यंत येतो. तिकडे हेच मासे जास्त.

मासळी घ्यायची असेल तर कल्ले लाल बघून घ्या आणि बर्फ शहाद्यातूनच आणा. प्रकाशाच्या केदारेश्वराचं दर्शन आधी उरका. पिशवी हातात धरून देवळात गेलात तर पुजारी तुम्हाला नाही, आम्हाला बोलतील.