सेक्शनची गस्त आणि बचाव: खानदेशातील छात्रांसाठी

सातपुड्याच्या पायथ्याशी किंवा तापीकाठच्या शिवारात एनसीसीच्या छात्रांना सेक्शनचा सराव करायचा असेल, तर पहिला तास जमीन पाहण्यात घालवावा. पायदळाच्या सेक्शनमध्ये साधारण १० जवान असतात. त्यांतील एक गट पुढे सरकतो तेव्हा एलएमजीचा (हलक्या मशीनगनचा) गट जागेवर थांबून त्याला फायरचा आधार देतो आणि पुढचे डावपेच याच जोडीवर उभे राहतात.

टेहळणीच्या गस्तीला तीन-चार जण पुरतात. तिचे काम माहिती आणण्याचे असल्यामुळे तिने होता होईल तो चकमक टाळावी. निघण्यापूर्वी कमांडरने नाल्यातील वाळूवर वाट, थांबे आणि पांगापांग झाल्यास पुन्हा जमण्याची जागा आखून दाखवावी आणि हे सारे प्रत्येकाकडून वदवून घ्यावे. मग प्रत्येकाने जागेवर उड्या मारून अंगावरचे काय वाजते ते पाहावे. माझ्या पहिल्या रात्रसरावात मी पाण्याची बाटली अर्धीच भरून नेली होती आणि तिच्यातील पाण्याची हिंदकळ समोरच्या संत्र्याने, म्हणजे पहारेकऱ्याने, वीस पावलांवरून ऐकली. बाटली काठोकाठ भरलेली असावी, नाहीतर पूर्ण रिकामी.

उघड्या काळ्या रानात बाणाच्या टोकासारखी रचना घेऊन अंतर वाढवावे. रावेर-यावलकडील केळीच्या बागांत मात्र एकामागे एक चालावे लागते आणि तेथे वाळलेली पाने पायाखाली येऊ न देणे हेच मोठे कसब असते. वेचणी संपलेल्या कपाशीतून रात्री जाऊच नये, कारण एक पऱ्हाटी मोडल्याचा आवाज बांधापलीकडे पोहोचतो. काळोखाला डोळे सरावायला सुमारे अर्धा तास लागतो आणि टॉर्चच्या एका झोताने तो वाया जातो. अधूनमधून सर्वांनी बसून नुसते ऐकावे: टिटवी अचानक ओरडली, तर ती कशामुळे उठली याचा अंदाज घेतल्याशिवाय पाऊल टाकू नये. १८२५ मध्ये ब्रिटिश अधिकारी जेम्स औट्रमने खानदेशात भिल्ल पलटण उभारली, तेव्हा तिच्यातील जवानांना डोंगरातील वाटा आधीपासूनच पायाखालच्या होत्या. आपल्याला ती ओळख सरावानेच मिळवावी लागते. परतताना गेलेली वाट टाळावी.

बचावासाठी खंदक टेकडीच्या माथ्यावर खणू नयेत, कारण तेथे माणूस आकाशाच्या पार्श्वभूमीवर स्पष्ट दिसतो. उतारावर थोडे खाली यावे. प्रत्येक खंदकातून शेजारच्या खंदकासमोरची जमीन दिसली पाहिजे, आणि एलएमजी बाजूला ठेवून तिचा मारा आघाडीसमोरून आडवा जाईल असे पाहावे. माऱ्याच्या हद्दी दोन खुंट्यांनी बांधाव्यात. बाभूळ, विहीर, बांध अशा खुणांची अंतरे कागदावर टिपावीत. नाल्याचे जे वळण कोणाच्याच नजरेत येत नाही, तेथे पहारा बसवावा. खणलेली ओली माती वरच्या सुकलेल्या मातीपेक्षा गडद दिसते, म्हणून ती झाकावी आणि कमांडरने स्वतः शत्रूच्या बाजूला चालत जाऊन आपली बचावाची जागा पाहावी. काळी माती पावसात ढासळते, तेव्हा खंदकाच्या भिंतींना वाळूच्या पोत्यांचा आधार द्यावा.

संत्री जोडीने ठेवावेत. पहाटे उजाडण्यापूर्वी आणि सांजवेळी साऱ्या सेक्शनने शस्त्रांसह जागेवर सज्ज असावे. गस्त परतण्याची वेळ आणि दिशा या संत्र्यांना आधी सांगितलेली असावी; परवलीचा शब्द पटल्यावर त्यांनी एकेकालाच आत घ्यावे आणि गस्तीच्या कमांडरने शेवटचा माणूस आत येईपर्यंत बाहेर थांबून डोकी मोजावीत.