सणासुदीच्या सीमेवर: नोंदवहीतला एक रकाना

मुंबईत सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण घेत असताना प्रवाशांमधील साथरोगांवर लक्ष ठेवायचे म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर विमानतळच येत असे. त्यामुळे दसरा ते छठ या काळात बिहारमधील रक्सौलला, नेपाळच्या सीमेवर काम करण्याची संधी मिळाली, तेव्हा तिथेही ताप मोजायचा आणि संशयित रुग्ण बाजूला घ्यायचा, एवढेच काम असेल असे मी धरून चालले होते. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांनी हा समज आधीच सोडून द्यावा.

विमानातील प्रवाशांची यादी असते. कोण कोणत्या आसनावर बसले होते हेसुद्धा शोधता येते. रक्सौल आणि पलीकडचे वीरगंज यांच्यामध्ये मात्र भारतीय आणि नेपाळी नागरिकांना व्हिसा लागत नाही, आणि दशैं (नेपाळमधला दसरा), दिवाळी व छठ पाठोपाठ आले की पायी, टांग्याने, ई-रिक्षाने माणसांची रीघ लागते. शिवाय लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा अधिशयन काळ कॉलऱ्यात काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत असतो, तर गोवरात पुरळ उठायला साधारण चौदा दिवस लागतात. म्हणजे आज लागण झालेला माणूस आपल्यासमोरून ठणठणीत चालत जातो आणि आजारी पडतो तो शेकडो किलोमीटर दूर. म्हणूनच सीमेवरची नोंद ही दूरच्या डॉक्टरला उपयोगी पडेल अशी असावी लागते.

हे मला माझ्या चुकीतून कळले. ताप आणि अंगावर पुरळ असलेल्या एका तान्ह्या मुलीला आम्ही रुग्णालयात जाण्याची चिठ्ठी दिली आणि मी वहीत तिच्या नेपाळमधील गावाचा पत्ता अगदी सुवाच्य अक्षरात लिहिला. ते कुटुंब रुग्णालयात पोहोचलेच नाही. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी विचारले, "पुढे कुठे जाणार होते?" माझ्याकडे उत्तर नव्हते. गोवराचा रुग्ण पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत इतरांना लागण देऊ शकतो, आणि भरलेल्या डब्यातला लांबचा प्रवास त्याच दिवसांत होणार होता. ते कुटुंब शेवटपर्यंत सापडले नाही, याची टोचणी अजून आहे.

आकड्यांचेही तसेच. तापाच्या रुग्णांची संख्या दुप्पट झाली की नवखा माणूस घाबरतो. पण त्याच दिवशी प्रवासी तिपटीने वाढले असतील, तर दर हजारी प्रमाण प्रत्यक्षात घटलेले असते. त्यामुळे सणाच्या किमान दोन-तीन आठवडे आधी तिथे पोहोचून नेहमीच्या दिवसांची मोजणी करून ठेवावी; ठराविक तासाला फाटकाशी उभे राहून माणसे मोजण्याचे हे काम कंटाळवाणे आहे, पण त्यावाचून सणातल्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही. डासांकडेही दुर्लक्ष करू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीनुसार प्रवेशस्थानाच्या, म्हणजे प्रवासी देशात येतात त्या ठिकाणाच्या, सुविधांपासून किमान ४०० मीटरपर्यंत रोगवाहकांचे नियंत्रण अपेक्षित आहे, आणि पाणी साचून डासांची पैदास होते असे ट्रकचे जुने टायर तिथेच पडलेले असतात.

शिक्षणाबाबत थोडक्यात सांगते. साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्र पक्के असावे, हिंदी तर यावीच, पण कामापुरती भोजपुरी आणि नेपाळी शिकून घ्यावी. आईशी तिच्या भाषेत बोलले की ती मुलाची लसीकरणाची खरी माहिती देते. मुंबईकरांना या कामाचा इतिहासही जवळचा आहे: १८९६ मध्ये मांडवीत प्लेग पसरला आणि त्यातूनच १८९७ चा साथरोग कायदा आला. त्या काळी प्रवाशांच्या तपासणीत झालेली जबरदस्ती लोकांच्या मनात किती खोल रुतली होती, हे वाचूनच सीमेवर जावे, कारण घाबरलेला प्रवासी पुढच्या वेळी फाटक टाळून शेतातून जातो.

त्या चुकीनंतर मी वहीत 'पुढचा मुक्काम' असा रकाना आखला. रक्सौलहून मुंबईत कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला थेट गाडी असल्यामुळे तिथे बहुतेक जण नुसते "कुर्ला" सांगत आणि सहकारी तेवढेच लिहीत. मी मात्र विचारत असे, कुर्ल्याला उतरून पुढे कुठे, साकीनाका की गोवंडी, आणि कोणाच्या खोलीवर? मग तो माणूस चकित होऊन माझ्याकडे बघे आणि खिशातून ठेकेदाराचा नंबर लिहिलेला चुरगळलेला कागद काढून देई.