कपाळावरचा निर्स सेन्सर आणि हार्टवाली बाळं: या चुका टाळा

घोडबंदर रोडवरून रात्री हार्टचं बाळ आलं की आमच्याकडे सगळ्यांची नुसती धावपळ असते, वॉर्मर, प्रोस्टिन या औषधाची लाइन, कपाळावर निर्सचा सेन्सर (मेंदूतल्या रक्तात किती टक्के ऑक्सिजन आहे ते प्रकाशाने मोजणारा), सगळं पटापट, आणि चुका पण तेव्हाच होतात. माझ्या हातून होता होता राहिलेली आधी सांगते.

हृदयाची डावी बाजू नीट वाढलेली नसलेलं बाळ, व्हेंटिलेटरवर. मेंदूचं रीडिंग 62 वरून 48 वर आलं आणि माझा हात सरळ ऑक्सिजनच्या नॉबकडे गेला. सीनियर सिस्टरनी मनगट धरलं, "अगं थांब, आधी गॅस बघ," म्हणजे रक्तातल्या वायूंचा रिपोर्ट. कार्बन डायऑक्साइड 27! म्हणजे व्हेंटिलेटर जरा जास्तच श्वास देत होता, आणि कार्बन डायऑक्साइड एवढा उतरला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. डॉक्टरांनी व्हेंटिलेटरच्या श्वासांचा रेट कमी केला, हळूहळू आकडा वर आला. मी ऑक्सिजन वाढवला असता तर फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या सैल पडून रक्त तिकडेच धावलं असतं, बोटावरचं सॅच्युरेशन 92 दिसलं असतं आणि मेंदू, किडनीला रक्त आणखी कमी पडलं असतं. म्हणून आकडा पडला की आधी बाळ बघा, मग सेन्सर सुटलाय का ते, मग बीपी, गॅस, हिमोग्लोबिन, आणि डॉक्टरांना लगेच हाक मारा.

बेसलाइन, म्हणजे त्या बाळाचं सुरुवातीचं रीडिंग, लिहून ठेवायला विसरू नका, त्यापेक्षा 20 टक्क्यांनी उतरलं तर ते महत्त्वाचं, नुसत्या एका आकड्यावरून काही कळत नाही. मधेच सेन्सरचा प्रकार बदलू नका, लहान बाळांचे सेन्सर मोठ्यांच्या सेन्सरपेक्षा जास्त रीडिंग दाखवतात, मग ट्रेंडच बिघडतो. केसांवर, डोक्यावरच्या रक्ताच्या गाठीवर लावू नका, फोटोथेरपी (काविळीसाठीचा निळा लाइट) चालू असेल तर सेन्सर वरून झाका आणि खालची त्वचा बघत राहा, फार नाजूक असते हो.

मेंदू किती ऑक्सिजन उचलतोय ते काढताना सॅच्युरेशन उजव्या हाताचंच घ्या, पायाचं नको, कारण डक्टस (हृदयाजवळच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या जोडणारा मार्ग) उघडा असला की पायातलं रक्त वेगळं असू शकतं. समजा हाताचं सॅच्युरेशन 80 आणि मेंदूचं रीडिंग 56, तर 80 मधून 56 गेले, उरले 24, त्याला 80 ने भागलं की 0.3, म्हणजे मेंदू 30 टक्के उचलतोय. आणि आकडा खूप वर गेला तरी खूश होऊ नका, मेंदूला इजा झाली असेल तर तो ऑक्सिजन वापरतच नाही आणि रीडिंग छान दिसतं!

वाशीहून आलेल्या एका आईने 55 बघून विचारलं, "सिस्टर, बाळाचा मेंदू अर्धाच चालतोय का?" कोणी तिला सांगितलंच नव्हतं की हे रीडिंग जास्त करून मेंदूतून परत येणाऱ्या रक्ताचं असतं, साधारण तीन चतुर्थांश, त्यामुळे तिथे 100 दिसायचं नसतंच. आईवडिलांना पहिल्याच दिवशी हे सांगा प्लीज.

आणि डोक्यावरच्या मऊ टाळूवरून डॉपलर (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) करणाऱ्यांनी प्रोब दाबू नका, दाबला की डायस्टोलिक फ्लो, म्हणजे दोन ठोक्यांमधला प्रवाह, कमी दिसतो आणि डक्टस मेंदूकडचं रक्त चोरतोय असं उगाच वाटतं.